रुजण्यापुरती हवा

२ एप्रिल

मार्चचे आकडे आज पुन्हा मांडले. गेल्या वर्षभरात आमच्या प्रयोगशाळेत वाढलेल्या दर दहा भ्रूणांपैकी चार पोटात रुजली. जानेवारी-फेब्रुवारीतही साधारण तसंच. मार्चमध्ये अकरा बायकांच्या पोटात भ्रूण सोडलं आणि रुजलं फक्त एक.

"एखादा महिना वाईट जातो, मिर्ता," डॉक्टर उगास म्हणाले. "तू हिशेबनीस झालीस तर भ्रूणांकडे कोण बघणार?"

एका महिन्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण ती अकराही भ्रूणं मायक्रोस्कोपखाली मीच पाहिली होती आणि त्यांत मला खोट दिसली नव्हती. मग खोट नव्हतीच, की मला ती दिसली नाही? सव्वीस वर्षांची असल्यापासून हेच काम करते आहे. आता सेहेचाळीस. डोळे तपासून घ्यायला हवेत.

कॉरिडॉरमध्ये अजून फरशा फोडताहेत. कपडे बदलायच्या खोलीत सगळीकडे धूळ. माझ्या टोप्या तिथून काढून महिना झाला, आता त्या प्रयोगशाळेतच, इन्क्युबेटरखालच्या खणात ठेवते. बाजारच्या टोप्यांच्या इलॅस्टिकने माझ्या कपाळावर पुरळ येतं म्हणून आई घरी सुती शिवून देते. फेब्रुवारीअखेर तिने सहा नव्या दिल्या. त्या आठवड्यात मी जेवताना रडले होते. एका बाईची चौथी खेप फसली होती. आईने तेव्हा माझ्या ताटात आणखी भात वाढला. दुसऱ्या दिवशी मशीन काढून बसली. आता त्या धुतेही तीच, इस्त्रीही तीच करते. मी हात लावलेला तिला खपत नाही.

११ एप्रिल

डोळे ठीक आहेत. उगीच तीन तास रांगेत बसले.

१५ एप्रिल

इन्क्युबेटरचं तापमान दुसऱ्या थर्मामीटरने पडताळलं. बरोबर. गॅसच्या टाक्या बदलल्या. भ्रूण ज्या द्रवात वाढतं त्याची नवी खेप मागवली. राहिली हवा.

इन्क्युबेटर खोलीतलीच हवा आत ओढतो. अत्तर, फरशीचं सुगंधी औषध, ताजा रंग, यातलं काहीही भ्रूणाला बाधू शकतं, म्हणून आमच्याकडे सुगंधाला बंदी आहे. नियम मीच लिहिला आणि दारावर मीच चिकटवला. बायकांनासुद्धा आम्ही सांगतो, भ्रूण सोडायच्या दिवशी साध्या पाण्याने आंघोळ करून या. इथल्या बायकांना हे सांगणं सोपं नाही. महत्त्वाच्या कामाला अत्तर न लावता जाणं त्यांना केस न विंचरता जाण्यासारखं वाटतं.

महामारीच्या वर्षी माझं नाक गेलं ते परत आलंच नाही. कॉफी, गॅस, समुद्र, सगळं एकसारखं. हे मी डॉक्टरांना कधी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, अशी मनाची समजूत घालते. माझी सहायक यानिना हीच आता माझं नाक. रोज सकाळी तिला विचारते.

"यानिना, कुठे काही वास?"

ती आधी माझ्याकडे बघते, मग खोलीकडे. "नाही, मॅडम."

"नीट हुंगून सांग."

"खोलीला काही नाही, मॅडम."

मुलगी हुशार आहे, पण जरा लाजाळू. उत्तर द्यायला हल्ली फार वेळ घेते.

२९ एप्रिल

आज नोएमी फार्रोन्यानला भ्रूण सोडलं. ती मोन्सेफू गावातल्या शाळेत शिकवते. वय बेचाळीस. नवरा टॅक्सी चालवतो, ती टॅक्सी विकून त्यांनी हा खर्च उभा केला. आता तो दुसऱ्याची चालवतो. बीजं मिळाली पाच, पाचव्या दिवसापर्यंत टिकली फक्त दोन भ्रूणं. एक आज सोडलं, दुसरं गोठवून ठेवलं. पुन्हा बीजं काढणं तिला झेपणार नाही, शरीरालाही आणि घरालाही.

मी नळीत भ्रूण भरून खिडकीतून डॉक्टरांच्या हाती दिलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर पांढरा ठिपका दिसला तसं नोएमीने विचारलं, "हाच का तो?"

"तो हवेचा बारीक बुडबुडा. भ्रूण त्याच्या शेजारी आहे."

"म्हणजे शेजारी बरा आहे म्हणायचा," ती म्हणाली आणि तिथे असलेले आम्ही सगळेच हसलो. भ्रूण सोडताना हसू नये अशी डॉक्टरांची सक्त ताकीद असते. डॉक्टर स्वतःच हसले.

१० मे

नोएमीचं नाही रुजलं.

फोन नर्सने करायचा असतो. मी तिच्या हातातून घेतला. का घेतला माहीत नाही. नोएमीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "परवा मातृदिन. शाळेत मुलं कागदाची फुलं करताहेत. मला आज पस्तीस फुलं चिकटवायची आहेत, डॉक्टरबाई." मी डॉक्टर नाही, जीवशास्त्राची पदवीधर आहे. दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

१२ मे

आईसाठी केक आणला. तिने बदकाचा भात केला होता. जेवताना अचानक विचारलं, "त्या मास्तरणीचं काय झालं?"

मी मान हलवली. आईने चमचा खाली ठेवला. "नाहीच?" तिचा चेहरा असा उतरला की मलाच तिची समजूत काढावी लागली. बाजारात जाऊन येते म्हणून ती लगेच उठली. रविवारी दुपारी जडीबुटीवाल्यांच्या गल्लीशिवाय बाजारात काही उघडं नसतं.

२० मे

आजवरचा हिशेब: मार्चपासून चोवीस, रुजली तीन. आता याला वाईट महिना म्हणता येणार नाही.

बैठकीत डॉक्टरांनी नवीन बेत मांडला. भ्रूण सोडायच्या आधीच्या महिन्यात गर्भाशयाचं अस्तर हलकंसं खरवडायचं, म्हणजे ते भ्रूण जास्त धरून ठेवतं. शिवाय भ्रूणाला एक चिकट द्रव लावायचा. दोन्हींचे पैसे वेगळे.

"याने रुजतंच असा पुरावा आहे?" मी विचारलं.

"अर्धे लोक हो म्हणतात."

"उरलेले अर्धे?"

"उरलेल्या अर्ध्यांकडे पेशंट नाहीत," डॉक्टर म्हणाले. बाकीचे हसले. मी म्हटलं, मला तीन आठवडे द्या, दोष प्रयोगशाळेचा असेल तर मी शोधते. डॉक्टर वाईट माणूस नाहीत. त्यांनाही रोज त्या बायकांच्या डोळ्यांत बघावं लागतं.

२३ मे

सापडलं. निदान मला तसं वाटतं.

दोमितिला मावशी बारा वर्षं इथे झाडलोट करते. आज तिच्या गाड्याखाली जांभळ्या औषधाची बाटली मिळाली, फरशी पुसायचं, लॅव्हेंडरच्या वासाचं. मला तर वास येत नाही. मी लेबल वाचलं.

"हे इथे कसं, मावशी?"

"ते बाहेरच्या शौचालयाचं आहे, बाई. तुमच्या खोलीला मी फक्त पाणी लावते, तुम्ही सांगितलंय तसं."

"एकदाही चूक झाली नाही?"

तिने हातातला बोळा पिळला. "बाई, बारा वर्षं मी त्या खोलीत पाय पुसून जाते. शिंक आली तरी बाहेर येऊन देते. वासाचं म्हणाल तर..." यानिनाकडे बघून ती थांबली.

"तर काय?"

"तर काही नाही. मोठ्या माणसांना लहानांनी काय सांगायचं."

मला तो उद्धटपणा वाटला. डॉक्टरांना सांगून तिची बदली खालच्या धुलाईत केली. पगार तोच, पण वर यायचं नाही. जाताना यानिना तिच्यामागे जिन्यापर्यंत गेली. दोघी कुजबुजत होत्या. मी आत आले. न्यायाने वागले का? बाटली तर तिथे होतीच.

५ जून

मावशी गेल्यानंतर सहा सोडली, पैकी दोघींचे निकाल आले. दोन्ही नाही. लवकर आहे, मान्य.

विद्यापीठातल्या ओळखीने हवेतली रसायनांची वाफ मोजायचं एक यंत्र दोन आठवड्यांसाठी मिळालं. विटेएवढं आहे.

७ जून

यंत्र बिघडलेलं दिसतं. सकाळी रिकाम्या खोलीत आकडा कमी. मी जवळ गेले की चढतो, मी मागे सरले की उतरतो. यानिनाला उभं केलं तर फारसा हलत नाही. माझ्या श्वासामुळे असेल म्हणून दोन मास्क लावले, तरी तेच.

"मॅडम, तुम्ही... टोपी बदलून बघता का?" यानिना म्हणाली.

टोपी धुतलेलीच होती. तरी तिच्या समाधानासाठी खणातून दुसरी काढून घातली. आकडा आणखी चढला. म्हणजे यंत्राचा भरवसा नाहीच. खणाजवळ तर सगळ्यात जास्त दाखवत होतं. बहुतेक लाकडाचं व्हार्निश. खण रिकामा करून उघडा ठेवला, टोप्या घरी धुवायला नेल्या.

यानिनाचे डोळे लाल दिसत होते. फार राबवते आहे मी तिला.

१० जून

खण उघडा ठेवल्यावर आकडा उतरला. सुताराला सांगून खणच काढून टाकला. आईने टोप्या परत दिल्या. हल्ली ती त्या पिशवीत बांधून, वर गाठ मारून देते.

आज त्यातली एक डोक्यावर घातली आणि आकडा पुन्हा चढला. यंत्र परत करायला हवं.

१९ जून

जसं घडलं तसं लिहिते. पुढे मी ते स्वतःला सोयीचं करून आठवायला नको.

नोएमी गोठवलेल्या भ्रूणाची तारीख ठरवायला आली होती. मला भेटायचं म्हणाली म्हणून मी प्रयोगशाळेतून तशीच, टोपी घालून बाहेर आले. तिने मला मिठी मारली आणि तिथेच थांबली. माझ्या कानाजवळ तिने दीर्घ श्वास घेतला.

"अय्या! तुम्हीसुद्धा?"

"मीसुद्धा काय?"

"फुलांचं पाणी! माझी आई मला जडीबुटीच्या गल्लीतल्या म्हाताऱ्याकडे घेऊन गेली होती, डोक्यावरून ओतायला. नशीब फुलावं म्हणून. त्या दिवशी इथे येताना मी तीनदा साबण लावून धुतलं, तुम्ही सांगितलं होतं ना. आणि तुम्ही तर डोक्यालाच लावून बसलाय!" ती हसत होती. "त्या दिवशीसुद्धा मला वास आला होता. मला वाटलं, माझाच राहिला. घाबरून बोलले नाही."

मी टोपी काढली. यानिनाला बोलावलं. कात्रीने काठाची शिवण उसवली. आत कापसाच्या बारीक वळ्या होत्या, सुतळीएवढ्या, पिवळट ओल्या. टोपीच्या घेरभर.

"तुला वास येत होता?"

यानिना रडायलाच लागली. "मार्चपासून, मॅडम. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. नियम तुम्हीच केला, म्हणजे तुम्हाला चालत असेल, काहीतरी कारण असेल... मग तुम्ही रोज विचारायला लागलात, कुठे वास येतो का. मला वाटलं, तुम्ही माझी परीक्षा घेताय. मी काय सांगणार होते? वास तुमचाच येतोय म्हणून?"

दिवसातले आठ तास उघड्या भ्रूणांवर वाकलेलं माझं डोकं. आणि उरलेल्या टोप्या, धूळ लागू नये म्हणून, इन्क्युबेटरच्या बरोबर खाली.

२० जून

आई अंगणात कपडे वाळत घालत होती. मी उसवलेली टोपी तिच्यासमोर धरली. ती लपवायला गेली नाही.

"उसवलीस कशाला? बारा टाके होते, एकेका टाक्याला एक प्रार्थना."

मी तिला समजावून सांगितलं. जमेल तितक्या हळू आवाजात. ती बाजेवर बसली.

"त्यात मद्यार्क असतो, आई. त्याची वाफ होते. ती त्या जिवांना..."

"तुझ्या वेळी मी काही केलं नव्हतं," ती म्हणाली. "लीमाला गेलीस याच उपचारासाठी, दोनदा. मी म्हटलं, डॉक्टर आहेत, त्यांना कळतं, आपण मध्ये पडू नये. दोनदा तू रिकामी आलीस. मग नवरा सोडून गेला. फेब्रुवारीत तू ताटावर बसून रडलीस ना, तेव्हा मनात म्हटलं, या वेळी गप्प बसायचं नाही. तुझ्या हातांना यश यावं म्हणून..." मग एकदम, "किती गं?"

"काय किती?"

"किती जणींचं गेलं?"

मला खोटं बोलता आलं नाही आणि खरंही माहीत नव्हतं. "कळायला मार्ग नाही," एवढंच म्हटलं.

माझ्या लीमाच्या दोन खेपांबद्दल तिने बारा वर्षांत एक शब्द काढला नव्हता. मला वाटायचं, तिला त्याचं काही वाटत नाही.

२१ जून

डॉक्टर उगासना सगळं सांगितलं. माझं नाक गेल्याचंही.

"एका टोपीने?"

"टोपीनेच असं मी म्हणत नाही. टोपीने असू शकेल म्हणते."

"मग 'असू शकेल' एवढ्यासाठी मार्चपासूनच्या तेहतीस घरांत आग लावणार आहेस?"

"आग आधीच लागली असेल, डॉक्टर. निदान धूर कुठून आला ते सांगू."

ते चिडले. मग दार लावून म्हणाले, की त्यांची स्वतःची आई भ्रूण सोडायच्या दिवशी त्यांच्या कोटाच्या खिशात अजून देवीचं चित्र ठेवते. "त्याला वास नाही, एवढंच माझं नशीब." शेवटी असं ठरलं, की त्या सगळ्या बायकांना ते स्वतः बोलावून सांगतील आणि ज्यांना पुन्हा यायचं असेल त्यांचा प्रयोगशाळेचा खर्च घेणार नाहीत. नोएमीला मात्र मी सांगायचं. राजीनामा मी लिहून नेला होता. त्यांनी तो वाचला आणि कॉफीच्या कपाखाली ठेवला.

२४ जून

नोएमीला सांगितलं. तिने मध्येच तोडलं नाही. वर्गात पालकांचं ऐकून घेते तशी ऐकत होती.

"म्हणजे जे गोठवलंय, तेही त्याच हवेत वाढलंय? पाच दिवस?"

"हो."

"आणि माझ्याकडे दुसरं नाही."

"नाही."

ती उठून खिडकीपाशी गेली. "त्या दिवशी मी हसत हसत सांगितलं हो तुम्हाला. वाटलं, बरं झालं, डॉक्टरबाईंच्या डोक्यावरही फुलं आहेत." ती वळली. "तुम्ही गप्प बसला असतात तर मला कधी कळलं असतं?"

"नाही."

"मग मला आत्ता तुमचा राग करायचाय. करू द्या."

मी करू दिला. पाऊण तास ती बोलली. त्यातलं इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. जाताना म्हणाली, "ऑगस्टमध्ये सोडू. नळीत तुम्ही भरायचं नाही, त्या मुलीने भरायचं. पण तुम्ही खोलीत हव्यात. बिनटोपीच्या."

"टोपीशिवाय आत जाता येत नाही."

"मग कागदाची घाला. येऊ दे पुरळ."

२ जुलै

दोमितिला मावशीची माफी मागायला धुलाईत गेले. वाफेत तिचा चेहरा दिसत नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं, मावशी."

"माहीत होतं."

"मग का नाही बोललात?"

"बोलले असते तर तुम्ही ऐकलं असतं?" तिने चादर झटकली. "खरं सांगा बाई, देवाची शपथ घेऊन."

मी थोडा विचार केला. "नाही."

"मग झालं तर." उद्यापासून ती वर येते आहे. एका अटीवर: दारावरच्या नियमाखाली लिहायचं, की वास कुणाचाही येवो, थेट त्याच्या तोंडावर सांगायचं. मी लिहिलं. तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

३० जुलै

एकवीस जूननंतर नऊ सोडली. चार रुजली. नऊ म्हणजे काहीच नाही, हे लिहून ठेवते, कारण आज दिवसभर मला ते काहीतरी वाटत होतं.

९ ऑगस्ट

नोएमीचं भ्रूण कोमट करून जागं केलं. यानिनाने. ते हळूहळू फुगलं. मी दोन पावलं मागे, कागदी टोपीत, कपाळ आगीसारखं. यानिनाने नळी भरली, खिडकीतून दिली.

पडद्यावर ठिपका दिसला. कुणी हसलं नाही. नोएमीने मान वळवून मला शोधलं, श्वास आत ओढला आणि म्हणाली, "आज कशाचाच वास नाही."

२० ऑगस्ट

रुजलं.

रक्ताच्या तपासणीतला आकडा चांगला आहे, परवा पुन्हा तपासायचा. मी दाराशी उभी राहून कागद तीनदा वाचला. मग माझ्यातली दुसरी बाई बोलू लागली. हे भ्रूणही त्याच पाच दिवसांच्या हवेत वाढलेलं होतं. तरी रुजलं. मग टोपीचा दोष नव्हताच? की त्या बिचाऱ्याने सगळं सोसलं? की एप्रिलचं गेलं ते सोडायच्या दिवसामुळे, माझ्या त्या दिवशीच्या टोपीमुळे? की ते कुठल्याही हवेत गेलंच असतं? हातात एक हो आणि एक नाही. यातून काही निघत नाही.

फोन मी केला. नोएमी रडेल असं वाटलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली, "हे राहिलं. मग ते पहिलं का नाही राहिलं?"

"मला माहीत नाही, नोएमी."

"खरंच माहीत नाही, की सांगत नाही?"

"खरंच माहीत नाही. कधी कळेल असंही वाटत नाही."

पलीकडून मुलांचा गलका ऐकू येत होता. मधली सुट्टी असावी. मग ती म्हणाली, "बरं. खरं बोलता तेवढं पुरे," आणि घंटा झाली म्हणून फोन ठेवला.

२१ ऑगस्ट

आईला काल संध्याकाळी सांगितलं. तिने हात जोडले नाहीत, मेणबत्ती लावली नाही. फक्त विचारलं, "फुलांच्या पाण्याशिवाय?" मी म्हटलं, "पाण्याशिवाय." ती थोडी खट्टू झाली आणि थोडी सुटल्यासारखी. दोन्ही एकाच चेहऱ्यावर मावलं.

नव्या टोप्या तिने परवाच शिवल्यात. काठाला एकेरी शिवण, आत काही लपवायला जागाच नाही. नुसत्या पाण्यात उकळते, उन्हात वाळवते. आज सकाळी निघताना तिने मला दारात थांबवलं. टोपी नाकाशी धरली, मग माझी कॉलर, मग केस, दोन्ही कानांमागे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिचं नाक माझ्या यंत्राहून बरं आहे.

"काही नाही," ती म्हणाली. "जा."